अकरा वर्षांचा मंगळवार

आत्याने स्वतःचा कान कपड्यांबरोबर धुऊन काढला तो रविवारी. गाऊनच्या खिशात राहिलेला प्रोसेसर वॉशिंग मशिनमध्ये पाऊण तास गरगरला आणि सोमवारी सकाळी साडेनऊला ती तो रुमालात बांधून माझ्या क्लिनिकमध्ये हजर झाली. एरवी आम्ही दोघी बरोबरच घरातून निघतो, पण रविवारी दुपारपासूनच ती डोकेदुखीचं कारण सांगून पडून होती आणि सकाळी तिने मला एकटीलाच पुढे पाठवलं होतं.

"रागवायचंच असेल तर सावकाश रागव," ती म्हणाली. "ओठ वाचायचे आहेत मला."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघा पेशंटांनी माना वर केल्या. ऐकू येत नसलं की तिचा आवाज चढतो.

आत्याचे दोन्ही कान एका तापात गेले, सेहेचाळिसाव्या वर्षी. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया करून उजव्या कानाच्या आत एक बारीक तार बसवली. तार आत असते. बाहेर कानामागे हा प्रोसेसर लावायचा. तो आवाज पकडतो, त्याची वीज करतो आणि तारेवरच्या बावीस ठिपक्यांना वाटून देतो. कुठल्या ठिपक्याला किती वीज द्यायची, हे माणसागणिक वेगळं असतं. त्या आकड्यांच्या तक्त्याला आम्ही मॅप म्हणतो. मॅप नसला तर प्रोसेसर म्हणजे कानामागे अडकवलेला प्लॅस्टिकचा तुकडा.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. मला आत्याने वाढवलं. लोकांचे कान तपासायच्या धंद्यात मी पडले तीसुद्धा तिच्याचमुळे. घरात आम्ही दोघीच. दिवसभर तोंड चालू असणारी ही बाई कान गेल्यावर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली होती, जेवायला हाक मारायची सोय नव्हती म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावायचे आणि ती दर वेळी दचकायची. ते दिवस मला पुन्हा बघायचे नव्हते. नवी तार बसवणं आता शक्य नव्हतं. ती बहात्तर वर्षांची आहे आणि तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी भूल द्यायला साफ नकार दिला आहे.

माझ्या कपाटात तिच्या बनावटीचा एक राखीव प्रोसेसर होता. जगात आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही, कारण तो बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. राखीव प्रोसेसर कोरा होता. त्यात मॅप भरायचा तर तो एकाच प्रोग्राममधून भरता येतो, आणि तो प्रोग्राम टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता. कॉम्प्युटर चार महिन्यांपूर्वी मेला होता. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत मी सोळा आठवडे काढले. एरवी मी सगळ्यांना सांगत असते की प्रत काढून ठेवा. माझ्याकडे प्रत नव्हती. आठ वर्षांपूर्वीचा कागदावर छापलेला एक मॅप तेवढा होता, चहाच्या डागासकट.

मी पान्याला फोन केला. क्लिनिकमधली सगळी यंत्रं हा माणूस बघतो. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पाना असतो, त्यामुळे खरं नाव सगळे विसरलेत. अकराला तो आला, घाम पुसत खाली बसला, आणि जुन्या खोक्याचं झाकण काढून आत डोकावला.

"खोकं गेलं," तो म्हणाला. "पण डिस्कमध्ये धुगधुगी आहे."

आधी त्याने प्रोग्राम सरळ माझ्या नव्या कॉम्प्युटरवर घालून पाहिला. पडद्यावर पाटी आली: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, बनवणाऱ्यांशी संपर्क साधा. बनवणाऱ्यांच्या ऑफिसच्या जागेत आता म्हणे जिम आहे.

"मग दुसरा मार्ग," पाना म्हणाला. "नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करतो. खोटा. प्रोग्रामला वाटेल, आपण अजून आपल्याच घरात आहोत."

"आणि त्याला संशय आला तर?"

"मॅडम, प्रोग्राम आहे तो. सासू नाही."

तो काय म्हणाला, असं विचारत आत्याने मला कोपराने ढोसलं. मी वहीत लिहून दाखवलं. ती एवढ्या जोरात हसली की पान्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

डिस्कची नक्कल व्हायला दोन तास लागले. डिस्क मधूनमधून कुरकुरायची, थांबायची, पुन्हा चालू व्हायची. आत्या आवाज तपासायच्या बंद खोलीत जाऊन बसली. खोलीच्या भिंतींना जाड गालिचा आहे, दार लावलं की आत काहीच ऐकू येत नाही, आणि ऐकू येत असताना तिला ती खोली मुळीच आवडत नाही. आज तिला फरक पडत नव्हता. काचेतून मला ती दिसत होती. बिस्किटं तशीच पुढ्यात होती आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी उगाचच पान्यावर खेकसले.

सव्वाएकला नव्या पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली आणि तिच्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा निळा पडदा दिसला. सुरू होतानाची ती चार सुरांची धून वाजली. पाना छाती फुगवून माझ्याकडे बघायला लागला.

"आता घड्याळ मागे न्यायचं," मी म्हणाले. "परवान्यासाठी."

हे जरा सांगायला हवं. प्रोग्रामचा परवाना कंपनी दर वर्षी वाढवून द्यायची. कंपनीच बुडाल्यावर वाढवणार कोण? पण परवाना संपला की नाही, हे प्रोग्राम कॉम्प्युटरच्या घड्याळात बघतो. म्हणून वापरायच्या आधी घड्याळ परवान्याच्या शेवटच्या दिवसावर न्यायचं. जुनी यंत्रं सांभाळणारे आम्ही सगळेच हे करतो आणि कुणीच कुणाला सांगत नाही. माझा तो शेवटचा दिवस अकरा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार होता.

यात एक भानगड होती. सगळ्या नोंदी एकाच तारखेला पडल्या तर आधीची कुठली आणि नंतरची कुठली, हे कळणार नाही. त्यावर मी तोडगा काढला होता आणि मला त्याची थोडी घमेंडही होती. पहिल्या तपासणीला मी घड्याळ त्या मंगळवारच्या सकाळी नऊला लावलं. सहा महिन्यांनी आत्याची दुसरी तपासणी, ती सव्वानऊला. तिसरी साडेनऊला. आत्याची सहामाही म्हणजे मंगळवारची पंधरा मिनिटं. हा प्रोग्राम तिच्या एकटीसाठीच उरला होता, त्यामुळे हिशेब कधी चुकला नाही. बाविसावी तपासणी कॉम्प्युटर मरायच्या थोडी आधी झाली, सव्वादोनला. अकरा वर्षं मी एका दिवसात बसवली होती.

"म्हणजे आज अडीच," पाना म्हणाला. त्याला गंमत वाटली. मग तो पडद्याकडे वाकला. "लावून ठेवलंत की तुम्ही."

चौकटीतल्या घड्याळात मंगळवार होता. अडीच वाजले होते.

"मी नाही लावलं."

"मीही हात लावला नाही." त्याने खांदे उडवले. "जुनी डिस्क आहे. कुठेतरी साठवलेलं असेल, उचललं असेल."

मला ते पटलं. मुळात मी चमत्कारांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कानात आवाज येतात म्हणून सांगणारी माणसं माझ्याकडे रोज येतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या कानात मळ असतो. मी प्रोग्राम उघडला आणि आत्याची फाइल काढली.

नोंदींची यादी आली. पहिल्या नोंदीवर टिचकी मारली. वाचता येत नाही, असं उत्तर आलं. दुसरी, तेच. मी एकेक करत खाली गेले. डिस्क कुरकुरत होती ती या जागेवर. बाविसावी, सव्वादोनची नोंद हीच शेवटची आशा होती, आणि तीही उघडली नाही.

पाना आता गंमत करत नव्हता. "नव्याने मोजता येणार नाही का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. मोजताना ठिपक्यागणिक वीज हळूहळू वाढवत न्यायची असते आणि पेशंटने बोट वर केलं की त्याच क्षणी थांबवायची असते. पोटातल्या या खोट्या कॉम्प्युटरला प्रत्येक गोष्ट करायला किंचित उशीर होत होता. माउस हलवला की बाण मागून यायचा. तेवढ्या उशिराने वीज जास्त गेली तर आवाज येत नाही, डोक्यात कळ जाते. आत्याच्या हृदयावर मी तो प्रयोग करणार नव्हते. कागदावरच्या मॅपमधले काही आकडे चहाच्या डागात पुसले गेले होते; पुरा तयार मॅप मिळाला तरच तो भरता येणार होता.

मी काचेतून आत्याकडे पाहिलं. तिने भुवया उंचावून विचारलं, झालं का? मी हाताने थांब म्हणून सांगितलं. तिला ओठ वाचता येतात तसा चेहराही वाचता येतो, म्हणून मी पाठ फिरवली.

"मॅडम," पाना म्हणाला, "खाली अजून आहेत."

बाविसाव्या नोंदीखाली यादी संपत नव्हती. अडीच. पावणेतीन. तीन. सव्वातीन. त्याच मंगळवारच्या, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने. एकूण बत्तीस नोंदी होत्या.

मी केल्या होत्या त्या बावीस.

"डिस्क खराब झाली की असं होतं," पाना म्हणाला. "जुनाच माल दुसऱ्या नावाने दिसतो. कचरा आहे सगळा." एवढं बोलून तो केबलची पिन घट्ट करायला टेबलामागे गेला.

मी अडीचच्या नोंदीवर टिचकी मारली. ती लगेच उघडली.

बावीस आकडे होते. मी डागाळलेला कागद शेजारी धरला. दोन्ही मॅप एकाच कानाचे होते, यात शंका नव्हती. खालच्या सुरांचे आकडे जवळपास तेच, वरच्या सुरांचे थोडे वाढलेले. आठ वर्षांत वयाने जेवढे वाढावेत तेवढेच. जुना माल दुसऱ्या नावाने दिसला असता तर हे आकडे माझ्या ओळखीचे असते. हे मी कधी पाहिले नव्हते.

खाली शेऱ्याची जागा असते. त्या प्रोग्रामला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, आणि आळशीपणाने 'ठीक' ऐवजी नुसतं 'ठी' लिहून टिंब देते. शेवटच्या ओळीत पेशंटचं म्हणणं लिहायचा माझा नियम आहे. तो शेरा असा होता:

जुना धुतला. राखीव दिला. मॅप ठी. पेशंट म्हणते, पान्याचं पोट वाजतंय.

मी ते दोनदा वाचलं. प्रोसेसर धुतला गेला काल. ही डिस्क चार महिने टेबलाखाली बंद पडून होती. पान्याला माझं 'ठी' ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि सकाळपासून मी त्याच्या शेजारून हलले नव्हते.

खोलीत पंखा चालू होता. टेबलामागे पाना शिट्टीवर काहीतरी गुणगुणत होता.

मला भीती वाटली, पण ती नीट वाटून घ्यायला वेळ नव्हता. समोर मॅप होता आणि काचेपलीकडे आत्या होती. मी उठून बंद खोलीत गेले आणि वहीत लिहिलं: एक मॅप सापडलाय. कुठून आला माहीत नाही. धोका आहे. अगदी बारीक आवाजापासून सुरू करीन. काय करू?

आत्याने वाचलं आणि वही मिटली.

"घाल," ती म्हणाली. "बहिरी राहण्यापेक्षा वाईट काय होणार आहे?"

मी तिला बाहेर टेबलापाशी आणून बसवलं आणि राखीव प्रोसेसर तिच्या कानामागे लावला. तिने स्वतःच केस बाजूला धरले. केबल जोडली. आवाज शून्यावर ठेवला. मग मॅप भरला.

एक घर वाढवलं. आत्या स्थिर बसली होती.

दुसरं घर.

तिसऱ्याला तिचे डोळे हलले.

चौथ्याला तिने बोट वर केलं, मला थांबवायला. मी थांबले.

"आत्या?" मी तोंडावर हात धरून म्हणाले, ओठ दिसू नयेत म्हणून. "कळ येते का?"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, नेहमीच्या पट्टीत. "हात कशाला धरलायस तोंडावर? सर्दी झाली का?"

मी तिथेच रडायला लागले. आत्याने माझ्या डोक्यावर थापट मारली. मग मान कलती करून ती एकेक आवाज वेचायला लागली. पंखा. बाहेर कुणीतरी खोकलं ते. माझं नाक ओढणं, ज्याबद्दल तिने मला टोकलं. आवाज आधीपेक्षा स्वच्छ आहे, म्हणाली. इतका स्वच्छ पहिल्या वर्षीही नव्हता. पाना टेबलामागून उठून उभा राहिला होता, कानापासून कानापर्यंत हसत. आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"अगं, याला काहीतरी खायला दे," ती मला म्हणाली. "याचं पोट वाजतंय."

पाना लाजला. "सकाळपासून काही खाल्लं नाही, मावशी."

"मावशी नाही, आत्या. चल, त्या कोपऱ्यावरच्या यंत्रातून चहा घेऊ. नाणं टाकल्यावर ते कसं खडखडतं, ते ऐकायचंय मला."

जाताना पान्याने विचारलं, "त्या खालच्या फालतू नोंदी उडवू का?"

"राहू दे," मी म्हणाले.

दोघं बाहेर गेले. मी पडद्यासमोर येऊन बसले. तपासणी झाली की तिची नोंद करायची असते, पण करायला काही उरलं नव्हतं. अडीचची नोंद होती तशीच होती, माझ्या शब्दांत, शेवटच्या टिंबापर्यंत.

मी खालच्या नोंदी मोजल्या. नऊ. पंधरा मिनिटांना सहा महिने, म्हणजे साडेचार वर्षं. हृदयाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन मिळाली तरी पुष्कळ समजा. खरं सांगायचं तर घाबरायच्या आधी मला आनंद झाला. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. साडेचार वर्षं ती बोलणार होती, ऐकणार होती, मला टोकणार होती. कुठून का समजेना, समजलं होतं. बाहेरून तिचं हसणं येत होतं आणि पाना तिला काहीतरी रंगवून सांगत होता.

मी मधल्या नोंदी उघडल्या. सगळ्यांत 'ठी' होतं. पेशंट म्हणते, वरच्या मजल्यावरचे फार भांडतात. पेशंट म्हणते, तू घोरतेस. वाचता वाचता मी एकटीच हसत होते.

मग उरली शेवटची, पावणेपाचची.

ती उघडायची नाही, असं मी ठरवलं. चौकट बंद करायला बाण वर नेला. तो नेहमीप्रमाणे मागून आला, आणि मी पुन्हा तो खाली आणला.

तिच्यात आकडे होते, पण शेरा नेहमीसारखा नव्हता. पेशंट वारला की घरचे प्रोसेसर आणून देतात. आम्ही तो टेबलावर ठेवून जोडतो, त्यातला मॅप पुसतो आणि कपाटात ठेवतो. हे काम माझ्याचकडे असतं, त्यामुळे शेऱ्यातले शब्द मला पाठ होते.

प्रोसेसर घरून मीच आणला. टेबलावर जोडला. पुसायला घेतला.

त्याखाली माझ्या नियमाप्रमाणे शेवटची ओळ होती.

पेशंट म्हणते, आत्ता नको.